कानबाई ते पोळा : पावसाळी किनारा आणि चाकांवरचे घर

खानदेशात श्रावणात कानबाई ही देवी घरोघरी बसली की तिचे विसर्जन होईपर्यंत घरातले कोणी गाव सोडत नाही, आणि पोळ्याच्या दिवशी बैलांवर झूल पडायच्या वेळी घरचा कर्ता माणूस हजर नसेल तर ते चारचौघांत बरे दिसत नाही. या दोन सणांच्या मधे जे अडीच-तीन आठवडे मिळतात, त्यांत निंदणी-कोळपणी बहुतेक उरकलेली असते, कापूस अजून वेचणीला आलेला नसतो, आणि पाऊस पडला तर आनंद व न पडला तर काळजी यांपलीकडे शेतकऱ्याच्या हाती फारसे काही नसते. गेल्या श्रावणात नेमके हेच दिवस साधून आम्ही चौघे, म्हणजे मी, माझी पत्नी, तिचा धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी, भाड्याची कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन कोकणच्या किनाऱ्याने रायगड जिल्ह्यातून रत्नागिरीपर्यंत गेलो. तो प्रवास कसा जमला आणि कुठे फसला, ते येथे लिहीत आहे.

मी अमळनेरचा. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे बाण फळ्यावर काढताना सह्याद्रीच्या पश्चिमेला बाणांची गर्दी करायची आणि पूर्वेला, जिथे आपण राहतो तिथे, ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असे लिहून मोकळे व्हायचे, हे मी इतक्या वेळा केले होते की ज्या बाजूला बाण आदळतात ती बाजू भर पावसात आपण एकदाही पाहिलेली नाही याची निवृत्तीनंतर मला थोडी लाज वाटू लागली. आमच्याकडे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर वर्ष चांगले म्हणायचे. रत्नागिरीला तीन हजारांच्या पुढे पडतो. हा आकडा मुलांकडून पाठ करून घेणे वेगळे आणि त्याखाली उभे राहणे वेगळे.

पावसाळ्यात कोकणात जाण्याला लोक वेडेपणा समजतात, हे गाडीची चौकशी सुरू करताच कळले. पुण्यातल्या अशा गाड्या भाड्याने देणाऱ्या एका मालकाने फोनवरच सांगितले, “काका, आता तिकडे काहीच चालू नसते. ऑक्टोबरनंतर या.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, पाण्यातले खेळ बंद असतात आणि किनाऱ्यावरची अर्धी घरगुती निवासस्थाने कुलूप लावून बसलेली असतात. परंतु आमच्यापैकी कोणालाच पाण्यात खेळायचे नव्हते, आणि श्रावणात आमच्या घरी मासे शिजत नाहीत. तेव्हा जे बंद होते त्यातले आमच्या उपयोगाचे काहीच नव्हते. उलट हंगामाच्या मानाने भाडे तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले, आणि नऊ दिवसांसाठी गाडी हवी म्हटल्यावर आणखी थोडे उतरले.

भाडे ठरवण्याआधी मी कागदपत्रे मागवली, आणि यासाठी जो वेळ गेला तो वाया गेला नाही असे माझे मत आहे. हौशी लोक मालवाहू किंवा प्रवासी गाडीत पलंग आणि शेगडी बसवून तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. परंतु नोंदणीत नमूद नसलेला असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नसतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनी तोंड फिरवण्याची शक्यता असते. म्हणून नोंदणीपत्रात गाडीचा प्रकार ‘मोटर कॅरॅव्हॅन’ असाच आहे ना, हे पाहावे. दुसरे पाहावे ते पाटीचा रंग : आपण स्वतः चालवायची भाड्याची गाडी असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. परवान्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बराच सोपा केला आहे. साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना चालतो. आम्हाला ती अडचण नव्हतीच, कारण माझ्या मेव्हण्याने बावीस वर्षे रावेरहून दिल्लीला केळीच्या गाड्या नेल्या आहेत. गाडी त्यानेच चालवायची, मी नकाशा पाहायचा आणि खर्चाची वही लिहायची, असे पहिल्याच दिवशी ठरले.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. वीज, पाणी आणि मैल्याची सोय असलेले गाडीतळ उभे राहावेत अशी त्यात कल्पना आहे. प्रत्यक्षात आम्हाला नऊपैकी एकाही रात्री असा गाडीतळ मिळाला नाही, आणि आम्ही तो धरून चाललोही नव्हतो. ज्यांच्या घराला मोठे अंगण आहे आणि ज्यांच्या खोल्या हंगाम नसल्याने रिकाम्या आहेत अशा लोकांना आधी फोन करायचा, खोली नको पण अंगणात गाडी लावू द्या, एक नळ आणि एक पंधरा अँपिअरचा प्लग द्या, जेवण तुमच्याकडेच घेऊ, अशी विनंती करायची. ही पद्धत आम्ही ठरवली आणि ती शेवटपर्यंत उपयोगी पडली.

सोमवारी कानबाईला वाजतगाजत नदीवर पोचवून आलो आणि त्याच रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला निघालो. सामानात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचा प्रसाद, कळण्याचे म्हणजे ज्वारी-उडदाचे पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, उडदाचे पापड, आणि मेव्हण्याच्या हट्टापायी एक मोठी ताडपत्री व नायलॉनचा दोर होता. गाडीला पक्के छप्पर असताना ताडपत्री कशाला, असे मी त्याला विचारले. “दाजी, ज्या गाडीवर ताडपत्री नाही त्या गाडीत मला झोप येत नाही,” असे तो म्हणाला आणि मी विषय सोडला.

फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली ती गाडी मंगळवारी ताब्यात मिळाली. मागे आडवा दुहेरी पलंग, मधे दोन बाके जोडून होणारा दुसरा पलंग, एक शेगडी, छोटा फ्रीज, न्हाणीची अरुंद खोली आणि छतावर सौर पॅनेल. मालकाच्या माणसाने दोन तास सगळे समजावले आणि मी वहीत उतरवून घेतले. स्वच्छ पाण्याची टाकी नव्वद लिटरची, सांडपाण्याची साठ लिटरची, हलवता येणाऱ्या शौचकुपीची खालची टाकी वीस लिटरची. बॅटरी बारा व्होल्टची, दोनशे अँपिअर-तासांची. गुणाकार केला तर ही चोवीसशे वॅट-तास वीज होते, पण साध्या बॅटरीतली निम्मीच काढावी, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे फ्रीज, दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप मिळून आमच्या हाती रोजचे बाराशे वॅट-तास होते. ऊन असेल तर पॅनेल ती भरून काढील, असे तो माणूस म्हणाला. त्या वेळी बाहेर पाऊस पडत होता.

“चार माणसांना ही टाकी एक दिवस पुरते,” असेही त्याने सांगितले. माझी पत्नी त्यावर काही बोलली नाही. परंतु आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि त्या हिशेबाने तिने संसाराची पस्तीस वर्षे काढली आहेत, याची त्या मुलाला कल्पना नव्हती. तिने पहिल्या संध्याकाळीच न्हाणीतला फवारा बंद करून एक बादली आणि तांब्या विकत आणवला. तिचे म्हणणे असे की तांब्याने पाणी मोजता येते, फवाऱ्याने मोजता येत नाही. माणशी आठ तांबे आंघोळीला, भाजी धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात, तांदूळ धुतलेले पाणी फरशीला. खरकटी ताटे आधी कागदाने पुसायची आणि मगच ओली करायची. या शिस्तीत नव्वद लिटर आम्हाला अडीच दिवस पुरले. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या मुलखात, छतावर रात्रंदिवस पाऊस वाजत असताना, आम्ही गाडीत दुष्काळातल्यासारखे पाणी वापरत होतो, हे त्या प्रवासाचे मला सर्वांत लक्षात राहिलेले चित्र आहे.

बुधवारी ताम्हिणी घाटातून उतरलो. शनिवार-रविवारी या घाटात धबधब्यांसाठी गाड्यांची रांग लागते. बुधवारी धुके होते आणि आम्ही होतो. कड्यावरून येणारे पाणी कित्येक ठिकाणी थेट रस्त्यावर पडत होते. घाटमाथ्यावर मेव्हण्याने गाडी थांबवली, आणि ज्या ढगांचे बाण मी फळ्यावर काढत असे ते आमच्या समोर खालून वर चढताना दिसले. मला बोलायचे बरेच होते, पण ऐकणाऱ्या तिघांनाही चहा हवा होता.

पहिला मुक्काम दिवेआगरला एका सुपारीच्या वाडीत झाला. गाडी मी घराशेजारच्या मोकळ्या जागेत लावून घेत होतो, तेवढ्यात घरातल्या आजी पडवीतून ओरडल्या, “माडाखाली नको हो, माडाखाली नको!” वाऱ्यात माडाची झावळी किंवा नारळ पडला तर काच जाते, आणि माणूस खाली असेल तर माणूस जातो. मातीवरही लावू नका, सकाळपर्यंत चाके रुततील, असे त्यांनी सांगितले. तेव्हा जांभा दगड बसवलेल्या जागेवर गाडी घेतली. त्या जांभ्यावर शेवाळ होते. चाकांखाली दगड लावल्याशिवाय आम्ही नंतर एकही रात्र झोपलो नाही.

गुरुवारी सकाळी हरिहरेश्वरला गेलो. देवळामागून समुद्राच्या कड्याने जाणारा प्रदक्षिणेचा मार्ग लाटांखाली होता, त्यामुळे तो वरूनच पाहून परतलो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचलो. येथून सावित्री नदीची खाडी ओलांडून पलीकडे वेसवीला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, जायचे होते. या किनाऱ्याचा रस्ता खाड्यांनी तोडलेला आहे; पूल होईपर्यंत गाड्यांसह माणसे नेणाऱ्या फेरीबोटी, ज्यांना तिकडे जंगल जेटी म्हणतात, हाच उपाय. हंगामात येथे तासन्‌तास रांगेत थांबावे लागते असे ऐकले होते. आमच्या पुढे दोन दुचाक्या आणि एक टेम्पो एवढेच होते, आणि तरीही आम्ही त्या दिवशी पलीकडे जाऊ शकलो नाही.

कारण ओहोटी. पाणी खाली गेले की बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यामध्ये कोन तयार होतो. लहान मोटार त्यावरून सहज जाते. परंतु आमच्या गाडीचे शेपूट मागच्या चाकांच्या पलीकडे बरेच लांब होते आणि नेमके तिथेच खाली सांडपाण्याची टाकी लटकत होती. पुढची चाके फळीवर चढताच मागून दगडावर काही घासल्याचा आवाज आला. मेव्हण्याने एक क्षणही न दवडता गाडी मागे घेतली. तिकिटाच्या खिडकीतले वयस्क गृहस्थ छत्री घेऊन बाहेर आले, त्यांनी खाली वाकून पाहिले आणि विचारले, “आज तिथी काय?” त्रयोदशी, असे मी सांगितले. “मग तेरा पाऊण पावणेदहा. पावणेदहाला भरती होऊन गेली, आता चारला तळाशी ओहोटी. उद्या चतुर्दशी, साडेदहाला भरती. नवाच्या बोटीला या, गाडी सपाट जाईल.”

तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते, हा हिशेब मला माहीत नव्हता, हे कबूल करायला हवे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि तिथीमागे पाऊण तास धरला की व्यवहारापुरते उत्तर मिळते. पौर्णिमेला व अमावास्येला भरती दुपारी बाराच्या अलीकडेपलीकडे येते. चंद्राच्या आकर्षणाची आकृती मी दरवर्षी काढत होतो, पण घड्याळ न पाहता भरती सांगणारा माणूस मला साठी ओलांडल्यावर भेटला. ती रात्र धक्क्याजवळच्या एका चहावाल्याच्या परवानगीने त्याच्या टपरीमागे काढली आणि शुक्रवारी सकाळी नऊच्या बोटीने लाल मातीने गढूळ झालेली सावित्री ओलांडली. त्यानंतर प्रत्येक फेरीबोटीची वेळ मी वहीत तिथी मांडून ठरवली, आणि टाकी पुन्हा कुठे घासली नाही.

केळशीच्या पुढे मात्र चूक माझ्या हातून झाली. मोबाईलवरच्या नकाशाने सहा किलोमीटर वाचवणारा रस्ता दाखवला, मी तो सांगितला, आणि थोड्याच वेळात आम्ही दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी बांध, असलेल्या अशा वाटेत शिरलो की दार उघडून खाली उतरायलाही जागा उरली नाही. वर फणसाच्या फांद्या छताला घासत होत्या. परत फिरायचे तर तीनशे मीटर उलटे जायचे. मेव्हण्याने ते अंतर, भर पावसात, बहीण मागच्या काचेतून हात दाखवत असताना, वीस मिनिटांत पार केले. डाव्या बाजूचा आरसा तेवढा गडग्याला लागून फुटला. मुख्य रस्त्यावर येतो तोच समोर दापोली आगाराची एस.टी. उभी. चालक खाली उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली, आमच्या तोंडच्या चार वाक्यांवरून त्याने माणसे ओळखली आणि विचारले, “हाई गाडी शे का घर शे?” तो साक्रीकडचा निघाला. नोकरीच्या निमित्ताने आठ वर्षे कोकणात होता. “गावले पानी शे का?” हा त्याचा दुसरा प्रश्न होता, आणि आम्ही निघालो तेव्हा पावसाने दहा दिवस दडी मारली होती हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्याच्या टपावरून मात्र पाणी वाहत होते. जाताना त्याने आम्हाला एक नियम घालून दिला : ज्या रस्त्याने एस.टी. जाते त्याच रस्त्याने जा. जिथे ती जात नाही तिथे नकाशा काहीही म्हणो, शिरू नका. या सल्ल्याची किंमत एका आरशाएवढी पडली.

शनिवारी नारळी पौर्णिमा होती आणि आम्ही हर्णैला होतो. सकाळी गाडीतच, दोन बाकांच्या मधल्या हातभर जागेत, पत्नीने भावाला राखी बांधली. ओवाळताना निरांजनाची काडी पेटेना. पेटीतल्या सगळ्या काड्या सर्दावल्या होत्या, म्हणून शेगडीवरून वात लावली. दुपारनंतर बंदराकडे गेलो. सजवलेल्या होड्या, डोक्यावर सोन्याचे वेष्टण लावलेला नारळ घेऊन चाललेली मिरवणूक, आणि पलीकडे पावसाच्या पडद्याआड मधूनच दिसणारा सुवर्णदुर्ग. सरकारी बंदी संपून आठवडा झाला असला तरी समुद्राला नारळ दिल्याखेरीज होडी लोटायची नाही असे मानणारी घरे तिथे अजून आहेत. सहा दिवसांपूर्वी आम्ही आमच्या घरी नारळालाच नथ घालून कानबाई म्हणून बसवले होते. येथे तोच नारळ हात जोडून पाण्यात सोडला जात होता. ज्यांच्या अंगणात उतरलो होतो त्यांनी नारळीभाताचे भांडे गाडीत आणून दिले आणि आम्ही त्यांना रोटाचा तुकडा दिला. तो काय आहे हे समजावण्यात माझ्या पत्नीचा अर्धा तास मजेत गेला.

त्याच रात्री वारा वाढला आणि छत गळू लागले. वातानुकूलन यंत्र जिथे छतात बसवले होते तिथली रबरी पट्टी वाळलेली होती. उन्हाळ्यात ते कोणाच्या लक्षात आले नसावे. थेंब नेमके पलंगाच्या उशीकडे पडत होते. मालकाला फोन केला तर त्याने चिकटपट्टी लावायला सांगितले. ओल्या पत्र्याला पट्टी चिकटत नाही, हे त्याला पुण्यात बसून कसे कळावे? मेव्हणा मात्र शांतपणे उठला, ताडपत्री काढली, पावसात छतावर चढला आणि केळीच्या गाडीवर बांधतात तशी, चारही कोपऱ्यांना दुहेरी गाठ मारून, ती त्याने अर्ध्या तासात बांधली. ताडपत्रीखाली सौर पॅनेलही झाकले गेले, पण त्याने तीन दिवसांत बॅटरीत नाव घेण्यासारखी भर घातलीच नव्हती. बॅटरी आम्ही गाडी चालताना इंजिनावर आणि मुक्कामी प्लगवर भरत होतो. गावाची वीज गेली की फ्रीज बंद करायचा, एवढा साधा नियम होता. वीज रोजच जात होती.

ओल ही या हंगामातली खरी अडचण आहे, पाऊस नव्हे. पाऊस बाहेर असतो, ओल आत असते. चार माणसांचा श्वास आणि शेगडीची वाफ बंद गाडीत काचांवर जमते, तेथून गादीच्या कडेला उतरते आणि तिसऱ्या दिवशी वास येऊ लागतो. कितीही पाऊस असला तरी छतातला झरोका बोटभर उघडा ठेवून पंखा लावणे, स्वयंपाक करताना दार उघडे ठेवणे आणि गाद्या रोज उभ्या करणे, हे आम्ही शिकलो. शेगडी लावून गाडी उबदार करायचा मोह मात्र जिवावर बेतणारा आहे, बंद जागेत त्यातून विषारी वायू साठतो. मिठाचे पाणी झाले. त्यात भाजलेले तांदूळ घातल्यावर ते जरा सुटे राहिले. पापड चिवट झाले, आणि घरी चांगल्या टिकणाऱ्या कळण्याच्या पिठाला पाचव्या दिवशी गाठी झाल्या. कोरड्या मुलखाचे टिकाऊ अन्न ओल्या मुलखात टिकत नाही. तिथे आम्ही कुळथाचे पिठले, घावने आणि अळूची भाजी जेवलो.

शौचकुपीविषयी प्रवासवर्णनांत कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. वीस लिटरची टाकी चार माणसांना दोन दिवस पुरते, तीही रात्रीपुरतीच वापरली तर. ती कुठे रिकामी करायची हा प्रश्न आम्ही निघण्यापूर्वी गांभीर्याने घेतला नव्हता. ओढ्यात किंवा समुद्रात ओतणे हा विचारही मनात आणू नये. सार्वजनिक शौचालय हा एक मार्ग, पण गावोगावी ते सापडतेच असे नाही. उरतो तो मुक्कामाच्या घरचा शौचखड्डा, आणि त्यासाठी घरमालकाला तोंडावर विचारावे लागते. दापोलीजवळच्या एका घरी मी हे जेवणानंतर विचारले. यजमानांनी नम्रपणे, पण स्पष्ट नकार दिला, आणि मला त्यांचा राग आला नाही. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आलेले असते, खड्डे आधीच तुडुंब असतात. पुढे आम्ही फोनवर जागा ठरवतानाच हा प्रश्न पहिला विचारू लागलो. टाकी वाहून नेण्याचे काम माझे होते. माझे विद्यार्थी तेव्हा तिथे नव्हते हे बरेच झाले.

रविवारी मी वाट वाकडी करून पालगडला जायचा आग्रह धरला. साने गुरुजींचा जन्म तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी झाला, आणि १९२४ मध्ये ते आमच्या अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले; तेथल्या वसतिगृहातल्या मुलांची सेवा करत त्यांनी १९३० पर्यंत काम केले आणि मग सत्याग्रहासाठी नोकरी सोडली. अमळनेरच्या माणसाला गुरुजी अमळनेरचेच वाटतात. पालगडला त्यांच्या घराचे स्मारक आहे. आम्ही पोचलो तेव्हा पागोळ्या गळत होत्या, समोरच्या उतारावर भाताची रोपे वाऱ्याने एका बाजूला झुकली होती, आणि आमच्याखेरीज तेथे कोणीही नव्हते. या हिरव्या, ओल्या गावातून निघालेल्या तरुणाला पावसाआधीचे अमळनेर, बोरीचे कोरडे पात्र आणि धूळ पाहून काय वाटले असेल, असा विचार माझ्या मनात आला. पत्नीने अंगणातली चिमूटभर माती कागदात बांधून घेतली. ती घरी पोचेपर्यंत वाळलीच नाही.

दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठी नदीवरची फेरीबोट २००३ पासून चालते. तिथे आम्ही वद्य प्रतिपदेच्या दुपारच्या भरतीनंतर, पाणी उतरण्याआधी पोचलो आणि दहा मिनिटांत पलीकडे गेलो. बोटीवर चढण्यापूर्वी गॅसची टाकी बंद करायची, एवढीच तेथली तयारी. गुहागरला व्याडेश्वराचे दर्शन घेऊन राहिलो.

सोमवारी हेदवीला बामणघळ पाहिली. समुद्रकाठच्या काळ्या खडकाला एक अरुंद भेग आहे. भरतीच्या लाटा तिच्यात घुसतात, कोंडतात आणि मग उसळून उंच उडतात. ओहोटीला किंवा शांत समुद्रात येथे पाहण्यासारखे फारसे नसते. द्वितीया होती, म्हणून वहीच्या हिशेबाने भरती दीडला. आम्ही एक वाजल्यापासून लांबच्या कोरड्या खडकावर उभे राहिलो. पहिल्या काही लाटांना पाणी नुसते खळखळले. मग एक लाट आत गेली, क्षणभर आवाज थांबला, आणि पायांखालच्या खडकाला धक्का जाणवल्यावर पाण्याचा पांढरा खांब वर गेला. तो पडताना आमच्यापर्यंत तुषार आले. मेव्हण्याची पत्नी, जी पाच दिवस ‘घरी काय वाईट होते’ असे म्हणत होती, ती तेथून पाऊण तास हलली नाही. ऑक्टोबरनंतर या म्हणणाऱ्या मालकाची मला तेव्हा आठवण झाली. खडक निसरडा असतो. घळीच्या तोंडाशी जाऊ नये, हे मात्र सांगायलाच हवे.

तवसाळहून शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरलो आणि गणपतीपुळ्याला राहिलो. मंगळवारी आरे-वारेच्या वळणावर वाऱ्याने गाडी उभ्या उभ्या हलू लागली. उंच गाडी वाऱ्याला आडवी लावली की ती शिडासारखी वारा धरते. नाक वाऱ्याकडे करून लावल्यावर हलणे थांबले. पुढे विजयदुर्ग, देवगड, मालवण असा बेत होता, परंतु त्या संध्याकाळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला. मला पुढे जायचे होते. मेव्हणा म्हणाला, “दाजी, माल पोचवायचा असता तर गेलो असतो.” आम्ही बुधवारी आंबा घाटाने कोल्हापूरकडे निघालो, घाट संपला आणि तासाभरात पाऊस विरळ होत गेला, तोच फळ्यावरचा नकाशा उलट्या बाजूने.

पुण्यात गाडी परत करताना आरशाचे पैसे अनामतीतून कापले गेले, ते योग्यच होते. ताडपत्रीच्या दोराने रंगाला ओरखडे पडले म्हणून आणखी रक्कम मागितली गेली. तेव्हा मी गळतीचे फोटो आणि मालकाशी फोनवर कधी काय बोललो याच्या तारीखवार नोंदी दाखवल्या, आणि तासभराच्या बोलाचालीनंतर त्याने ती मागणी निम्म्यावर आणली. टाकीत अजून वीसेक लिटर पाणी होते. तो मुलगा ते गटारात सोडू लागला तेव्हा पत्नीने त्याला थांबवले आणि बादली भरून फाटकाजवळच्या कुंड्यांना घातले.

रात्रीच्या गाडीने शुक्रवारी पहाटे अमळनेरला उतरलो. आमच्याकडे त्या नऊ दिवसांत एकच सर पडली होती आणि मुलाच्या तोंडी पहिली बातमी तीच होती. पोळ्याला आठवडा होता. तो दिवस नळाचा होता. पिशव्या ओट्यावर तशाच ठेवून आम्ही आधी हंडे भरायला घेतले.